कोटड्याचं पाणी : अण्णांबरोबर धोलावीरात

दिवस पहिला : दादर ते भुज

अण्णा आयुष्यभर गवंडीकाम करत आले. १९७२ च्या दुष्काळात, सतरा वर्षांचे असताना, ते माण तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले. कामावर सुकडी मिळायची आणि घरी लाल मिलोची भाकरी. त्याच कामावर एका म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली ते दगड लावायला शिकले आणि पुढची चाळीस वर्षं विहिरी, बंधारे, घरं बांधत राहिले. आता सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात. आई गेल्यापासून ते माझ्याकडे डोंबिवलीत असतात. "कुठं जाऊ या?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "देव सगळे करून झाले. कुठं चांगलं बांधकाम असंल तर ने."

म्हणून धोलावीरा ठरवलं. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचं, कोट घातलेलं शहर, आणि तेही बहुतेक सगळं दगडात. मोहेंजोदडो आणि हडप्पा विटांची शहरं. त्यांच्याच संस्कृतीतलं हे शहर मात्र कच्छच्या रणातल्या एका बेटावर घडीव दगडानं उभं राहिलं. तिथे नद्या म्हणजे पावसाळ्यापुरते दोन ओढे. माणदेशात वाढलेल्या माणसाला "ओढे पावसाळ्यापुरते" या दोन शब्दांतच सगळं कळतं.

दादरहून दुपारची सयाजीनगरी एक्स्प्रेस. अण्णांच्या पिशवीत डब्याबरोबर सुतळीचा एक गुंडा होता. "हे कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "असू दे."

दिवस दुसरा : भुज

पहाटे उतरलो. थंडी चांगलीच होती. चहा आणि झोप झाल्यावर कच्छ संग्रहालयात गेलो. १८७७ साली सुरू झालेलं हे गुजरातेतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. तिथे अंधौ गावचे क्षत्रपांचे शिलालेख आहेत, शके ५२ चे, म्हणजे इ. स. १३० चे. त्यांत नाव असलेला क्षत्रप राजा रुद्रदामन म्हणजे आपल्या सातवाहनांशी लढलेला तोच. आम्ही मात्र घाईत होतो, त्याच्यापाशी फार थांबलो नाही.

जास्त वेळ गेला तो भुजियो डुंगरावरच्या स्मृतिवनात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्यांचं हे स्मारक. डुंगराच्या उतारावर पाणी अडवणारे लहान लहान बंधारे बांधलेत आणि त्यांच्या भिंतींवर गेलेल्यांची नावं लावली आहेत. अण्णा एकेका भिंतीपाशी उभे राहून नावं वाचत होते. गुजराती अक्षरं त्यांना जमेल तशी लागत होती. कोयनेच्या भूकंपाच्या वेळी, डिसेंबर १९६७ मध्ये, ते बारा वर्षांचे होते. पहाटे आजीनं त्यांना ओढत अंगणात आणलं होतं, ते त्यांनी मला तिथे पहिल्यांदा सांगितलं. शेवटी बंधाऱ्याच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "नावं पाण्याजवळ लावली, हे बरं केलं."

संध्याकाळी हमीरसर तलावाच्या काठी दाबेली खाल्ली. आपल्याकडे गाडीवर कच्छी दाबेली मिळते, तिचं माहेर हे. इथली जास्त तिखट, आणि मसाल्याला वेगळाच वास.

दिवस तिसरा : काळा डुंगर आणि रणातला रस्ता

भुजहून खावड्याकडे निघालो. गाडी भाड्याची, चालक खावड्याच्या बाजूचाच. वाटेत काळा डुंगर लागतो. साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, कच्छमधली सगळ्यात उंच जागा. वर दत्ताचं देऊळ आहे. नरसोबाच्या वाडीला वर्षातून एकदा जाणाऱ्या अण्णांना पाकिस्तानच्या सीमेजवळ, रणाच्या काठावर दत्त भेटेल असं वाटलं नव्हतं. इथे आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालतात. भुकेल्या कोल्ह्यांना द्यायला काहीच उरलं नाही, तेव्हा दत्तानं "लो अंग" म्हणून आपलंच शरीर पुढे केलं, अशी कथा आहे. त्याचं होत होत "लोंग" झालं आणि पुजारी आजही कोल्ह्यांना तशीच हाक मारतात. आम्हाला कोल्हा काही दिसला नाही. अण्णा कट्ट्यापाशी हात जोडून बराच वेळ उभे होते.

डुंगरावरून उत्तरेला नुसतं पांढरं दिसतं. पाणी कुठे संपतं, मीठ कुठे सुरू होतं आणि आभाळ कुठे, ते कळत नाही.

खावड्याहून धोलावीराकडे जाणारा रस्ता आता सरळ रणातून काढलाय. पूर्वी भचाऊ, रापर असा मोठा वळसा घालून यावं लागायचं. हा रस्ता तीसेक किलोमीटर रणातून जातो, दोन्ही बाजूंना मीठ. जानेवारीत मिठावर अजून वीतभर पाणी होतं आणि लांब कुठेतरी रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. आम्ही एका ठिकाणी उतरलो. कडेचं मीठ बुटाखाली करकरलं. अण्णांनी खाली वाकून एक खडा उचलला, जिभेला लावला आणि पुन्हा होता तिथे ठेवला.

"ह्याच्या मधी बेट, आणि बेटावर गाव?"

"गाव नाही अण्णा, शहर. तेव्हा इथे उथळ समुद्र असावा आणि होड्या येत असाव्यात, असं म्हणतात. इथले मणी पार इराकपर्यंत जायचे."

ते काहीच बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "चारी बाजूला पाणी आन् प्यायला घोट न्हाई. म्हंजी आपल्यापेक्षा अवघड."

दुपार कलताना खडीर बेटावर पोहोचलो. जमीन तांबूस, खडकाळ, बाभळी आणि खुरटं गवत. राहायची सोय भुंग्यात होती. भुंगा म्हणजे कच्छचं गोल मातीचं घर, वर शंकूसारखं छप्पर. २००१ च्या भूकंपात चौकोनी घरं कोसळली, तेव्हा असे कितीतरी भुंगे उभे राहिले होते. अण्णांनी आत शिरताच भिंतीवर हातानं ठोकून पाहिलं, वर छपराच्या वाशांकडे पाहिलं, मगच बॅग खाली ठेवली.

सूर्य बुडायच्या आत एकदा लांबून बघून येऊ म्हणून निघालो. उंचवट्यावर बालेकिल्ल्याची पूर्वेकडची भिंत दिसली आणि तिच्या पायथ्याशी खाली एक मोठा काळा चौकोन. आधी वाटलं सावली आहे. तो हौद होता.

दिवस चौथा : कोटडा

गावातली माणसं या टेकाडाला कोटडा म्हणतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गावच्याच शंभूदान गढवींच्या लक्षात आलं की इथे सापडणाऱ्या वस्तू साध्या नाहीत, आणि त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. १९६७-६८ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या जगत्पती जोशींनी या जागेची नोंद केली. आणि १९९० पासून पुढची पंधरा वर्षं रवींद्रसिंह बिष्ट यांनी उत्खनन करून शहर उघडं केलं. २०२१ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत ते आलं. गाईड गावातलाच एक तरुण होता. त्याच्या आजोबांनी उत्खननावर पाट्या उचलल्या होत्या. त्याला अण्णा आवडले आणि अण्णांना तो, त्यामुळे आमचं दीड तासाचं बघणं सहा तासांचं झालं.

आधी रचना सांगते, कारण मलाही ती दुसऱ्या फेरीत कळली. सगळ्यांत बाहेर परकोट, पूर्व-पश्चिम ७७१ मीटर, दक्षिणोत्तर ६१७ मीटर. कोटाच्या आत उंचावर बालेकिल्ला. त्याला पश्चिमेला चिकटून आणखी एक तटबंदीचा भाग, आपल्या किल्ल्यांच्या भाषेत माचीच म्हणा. उत्तरेला लांबच लांब मैदान. मैदानापलीकडे, स्वतःचा तट असलेलं मधलं नगर. आणि पूर्वेला खालचं नगर. म्हणजे कोटात कोट, आणि त्यातही कोट. ७७१ ला ६१७ नं भागलं की सव्वा येतो, पाचास चार. मी हे मोबाईलवर करून दाखवलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "मग दोरीनंच आखलं असणार. पाच गाठी हिकडं, चार गाठी तिकडं." आणि पिशवीतून सुतळी काढली.

त्यांनी बालेकिल्ल्याच्या तटाचा कोपरा शोधला. गाईडला विचारून, काही न हलवता, सुतळी कोपऱ्याशी धरून एका बाजूला तीन वितींवर आणि दुसऱ्या बाजूला चार वितींवर खूण केली. मग दोन खुणांमधलं अंतर मोजलं. पाच वीत आलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. गवंडी असंच करतात, मी लहानपणी हजारदा पाहिलंय. पाच वीत आणि बोटभर आलं. ते बोट त्यांनी हजारो वर्षं भिंतीवर पडलेल्या भाराला दिलं.

तट आतून कच्च्या विटांचा आणि बाहेरून दगडाचा. काही ठिकाणी बाहेरच्या भिंतीची जाडी चौदा ते अठरा मीटर भरते. एवढी जाडी शत्रूसाठी कशाला, असा प्रश्न पडतोच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला होता की ही भिंत समुद्राच्या महाकाय लाटांपासून वाचण्यासाठी असावी. तो खरा असेल-नसेल, पण शहराला भूकंप माहीत होता. तटाची पडझड आणि नंतरची डागडुजी बिष्टांना जागोजाग दिसली. परवाच्या स्मृतिवनानंतर ती डागडुजी बघताना मी थोडी गप्प झाले.

उत्तर दरवाज्याच्या पायऱ्या चढून आत गेलं की बाजूला एक खोली आहे. तिथे जमिनीवर पडलेली एक पाटी सापडली. लाकूड कुजून गेलं होतं, पण त्यात बसवलेले जिप्समचे तुकडे जागच्या जागी राहिले होते. दहा चिन्हं, प्रत्येक साधारण सदतीस सेंटिमीटर उंच. सगळी मिळून तीनेक मीटर लांबीची ओळ. सिंधू संस्कृतीचं बहुतेक लिखाण बोटभर मुद्रांवर असतं. एवढी मोठी अक्षरं दुसरीकडे सापडलेली नाहीत. ही पाटी दरवाज्यावर असावी, खाली मैदानातल्या माणसाला दिसेल अशी. दहांतलं एक चिन्ह, आऱ्यांचं चाक, चार वेळा येतं. ती लिपी आजवर कुणाला वाचता आलेली नाही. गाईडनं वहीत काढलेली ती दहा चिन्हं अण्णांनी बोट फिरवत पाहिली. "गावाच्या वेशीवरची पाटी हाय. गावाचं नावच असंल, दुसरं काय लिवणार?" तज्ज्ञांमध्येही हा एक तर्क आहेच.

पूर्वेच्या दरवाज्यात खांबांच्या बैठका आहेत. घासून घासून गुळगुळीत केलेला चुनखडक, पिवळ्यावर जांभळट पट्टे. मी हात लावला नाही, पण वाकून जवळून पाहिलं. हजारो वर्षांनंतरही त्यावर आभाळाचा उजेड पडतो. हा दगड याच बेटावरचा, आणि इथला दगड हडप्पापर्यंत गेला असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. अण्णांनी गाईडला विचारलं, "लोखंड होतं का ह्यांच्याकडं?" नव्हतं. तांबं होतं आणि दगडाची हत्यारं. "मग हे घासायला वाळू आणि पाणी लागलं असंल. पाणी!" असं म्हणून ते खाली बसले. पाणी मोलाचं असलेल्या गावात माणसांनी दगडाला झिलई आणण्यासाठी पाणी वापरलं, हे त्यांना पटायला वेळ लागला.

बालेकिल्ल्यावर विहीर आहे, गोल, दगडानं बांधलेली. काठाच्या दगडावर दोराच्या खाचा. बोटाच्या जाडीच्या, एकीशेजारी एक, काही खोल, काही नुसत्या रेघा. मी या एका दगडापाशी अर्धा तास थांबले असेन. आमच्या वस्तीवरच्या जुन्या आडाच्या काठालाही अशाच खाचा आहेत, आणि त्यातली एक तरी आईच्या हातची असणार. राजाचं शहर, पुजाऱ्यांचं शहर असं पुस्तकात वाचतो, पण हा दोर कुणी ओढला? रोज पहाटे येऊन, अर्धं लक्ष घरात ठेवून, कुणीतरी बाईनंच. तिचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं, आणि तिच्या दोराची खूण मात्र इथे बोटाला जाणवेल इतकी खोल आहे.

विहिरीजवळूनच पावसाच्या पाण्याच्या गटारांचं जाळं सुरू होतं. बालेकिल्ल्यावर पडणारा पाऊसही वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून दगडी नाल्यांतून तो साठवणीकडे नेला आहे. मुख्य नाला माणूस वाकून चालेल एवढा उंच. वरून दगडी फरशा.

आता हौद. संपूर्ण शहराला ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जवळजवळ तेरा मीटरचा उतार आहे, आणि कोटाच्या आतल्या बाजूनं हा उतार धरून एकाखाली एक हौद खोदले आहेत. उत्तरेला मनसर ओढा, दक्षिणेला मनहर. दोन्ही पावसाळ्यात थोडेच दिवस वाहतात, कधी तेवढंही नाही. त्यांच्यावर बंधारे घालून पाणी वळवायचं आणि वरचा हौद भरला की खालच्यात सोडायचं. वर्षातून एकदाच येणारं पाणी वर्षभर पुरवायचं.

पूर्वेचा हौद आम्ही आदल्या संध्याकाळी सावली समजलो होतो. उजेडात त्याच्या काठावर उभं राहिल्यावर पाय आपोआप मागे सरकतात. ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, दहा मीटर खोल. मोहेंजोदडोचं प्रसिद्ध स्नानकुंड १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल आहे. या एका हौदात तशी शंभर कुंडं मावतील. खालचा भाग खडकात खोदलेला, वरचा बांधलेला. एका कोपऱ्यातून पायऱ्या तळापर्यंत उतरतात. खाली जायला मनाई आहे, म्हणून अण्णांनी त्या वरूनच मोजल्या. एकदा तीस भरल्या, एकदा एकतीस.

"एवढ्या पायऱ्या कशासाठी केल्या ठावं हाय का?" त्यांनी गाईडला मोडक्या हिंदीत आणि मला मराठीत, दोघांना एकदमच विचारलं. "पाणी खाली जाईल तसं माणसानं खाली जायचं. पावसाळ्यात वरच्या पायरीवर भांडं बुडतंय, उन्हाळ्यात पार तळाला. म्हंजी पाणी किती उरलंय ते पायरीवर कळतंय. मोजपट्टीच हाय ही."

मी आजवर पायऱ्यांकडे उतरण्याची सोय म्हणून पाहत आले होते. गावच्या आडाला किती पाणी आहे हे बायका "सात परस राहिलं", "पाच परस राहिलं" असं दोराच्या मापात सांगायच्या. इथे ते मोजायला पायऱ्या होत्या.

दक्षिणेचे हौद तर पूर्ण खडक कोरून काढलेत. त्यातल्या एकाच्या तळाशी आणखी एक लहान, खोल टाकं खोदलं आहे. अण्णा तिथे कितीतरी वेळ गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहत राहिले. "आटताना पाणी पसरून ऱ्हायलं तर उन्हानं लवकर जातं. म्हणून त्याला शेवटी गोळा व्हायला जागा केलीय." आणि मग अगदी हळू, "बहात्तर साली आमच्या मुकादमाला हे कळलं असतं..." वाक्य तिथेच राहिलं. त्या वर्षी बांधलेला त्यांचा पाझर तलाव दोन-तीन पावसाळ्यांत गाळानं भरला. ही खंत त्यांनी मला आधीही सांगितली होती, पण दगड शिकवणाऱ्या माणसाबद्दल त्यांचा सूर नेहमी आदराचाच असतो.

मला या शहराबद्दल जे सांगायचंय ते इथेच सुचलं. आपण तट बघतो आणि लढाईचा विचार करतो, सिंहगड, जंजिरा, पन्हाळा पाहिलेले आपण. पण या परकोटाच्या आत हौदांनी केवढी जागा घेतलीय ते पाहा. हौद तटाच्या आत आहेत, माणसांच्या घरांशेजारी, आणि त्यांचे काठ त्या तटांनाच भिडलेले. या तटाआड धान्य आणि सोनं तर होतंच, पण सगळ्यांत जास्त जागा दिलीय ती पाण्याला.

दुपारी मधल्या आणि खालच्या नगरातून फिरलो. काटकोनात रस्ते, घरांचे पाये, सांडपाणी जिरवायला जमिनीत पुरलेले मोठे रांजण. मणी करणाऱ्यांच्या कार्यशाळा इथेच होत्या. तांबूस अकीकाला आरपार भोक पाडायला ते अतिशय कठीण दगडाची बारीक गिरमिटं वापरायचे. धोलावीराच्या संग्रहालयात ती पाहिली, तांदळाच्या दाण्याएवढी. मैदान २८३ मीटर लांब, ४७ मीटर रुंद. कडेनं बसायला पायऱ्यांचे ओटे. म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा पाहिलेल्या माणसाला अशा जागेचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. अण्णा ओट्यावर बसले, डबा उघडला, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा गाईडला दिला.

संग्रहालयात मला आपल्याकडचं दैमाबाद आठवत होतं. प्रवरेच्या काठचं. १९७४ साली तिथे झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला तांब्याची चार शिल्पं सापडली. बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा. सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाचा धागा दख्खनेत तिथवर पोहोचलेला दिसतो. शंभूदान गढवी आणि दैमाबादचा तो माणूस, दोघांनीही पायाखालच्या मातीकडे नीट पाहिलं.

दिवस पाचवा : मनहरचा काठ आणि परतीची वाट

सकाळी थंडीत मनहर ओढ्याच्या पात्रात गेलो. पात्र कोरडं, वाळू आणि गोटे. पात्रात आडव्या घातलेल्या जुन्या दगडी बांधांचे अवशेष आहेत. अण्णा बांधावरून दोन्ही बाजूंनी चालले, पाण्याचा लोंढा कुठून येईल ते हातानं दाखवत. "हितं वेग मारलाय. एकदम सगळं अडवलं असतं तर बांध गेला असता. थोडं अडवलंय, थोडं जाऊ दिलंय." त्यांच्या भाषेत याला सांडव्याची अक्कल म्हणतात.

पश्चिमेला दफनभूमी आहे. तिथली काही स्मारकं घुमटासारखी गोल आहेत. त्यातलं एक उघडल्यावर आत चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती निघाल्या, दरवाज्यावरच्या पाटीत चारदा येणाऱ्या त्या चिन्हासारख्याच. आत सांगाडा मात्र नव्हता. इथल्या बऱ्याच थडग्यांत हाडं सापडली नाहीत. मेलेल्याचं शरीर दुसरीकडेच गेलं असेल आणि आठवण तेवढी इथे पुरली असेल. अण्णांनी चपला काढल्या, थोडं लांबच उभे राहिले.

शहर एकदम संपलं नाही. पाऊस कमी झाला, समुद्र मागे गेला, व्यापार मंदावला आणि हळूहळू बालेकिल्ला ओस पडला. गाळ भरला, बांधकाम घसरत गेलं. काही काळ कुणीच नव्हतं. मग लोक परत आले, पण यावेळी त्यांनी चौकोनी घरं बांधली नाहीत. बांधली ती गोल, साधी, मातीची. त्या शेवटच्या वस्तीच्या घरांचे गोल पाये पाहून परत आमच्या भुंग्यात शिरताना अण्णा दारातच थांबले, पुन्हा एकदा भिंतीवर हात ठेवला. तीन हजारांहून जास्त वर्षं झाली, पण घराचा आकार तोच आहे.

निघताना रणातला रस्ता न घेता रापरकडून भचाऊला उतरलो. २००१ च्या भूकंपाचं केंद्र याच बाजूला होतं. रस्त्याकडेची गावं सगळी नव्यानं उभी राहिलेली. गांधीधामला रात्रीची गाडी मिळाली. अण्णा लगेच झोपले, उशाला सुतळीचा गुंडा असलेली पिशवी.

सकाळी जाग आली तेव्हा वापी गेलं होतं. अण्णा खिडकीशी बसून गावाकडच्या शेजाऱ्याशी फोनवर मोठ्यानं बोलत होते. आमच्या गावात ओढ्याच्या काठी एक जुनी बारव आहे. माझ्या आठवणीत ती कायम कचऱ्यानं आणि वेड्या बाभळींनी भरलेली.

"बारवेकडं जा आज," ते सांगत होते. "उजव्या अंगाच्या पायऱ्या मोज. वरच्या किती उघड्या हायेत आन् गाळाखाली किती असतील त्याचा अंदाज घे. काठी घालून बघ. न्हाई, न्हाई, अंदाजे नको. मोजून सांग मला. मी सोमवारी येतोय."